अमेरिकेत छातीत दुखलं तर: इमर्जन्सीच्या दारापासून डिस्चार्जपर्यंत काय सांगायचं, काय मागायचं

अमेरिकेतल्या रुग्णालयात हृदयविकाराच्या रुग्णाला कोणते उपचार मिळतील हे फक्त त्याच्या आजारावर ठरत नाही. काळ्या रुग्णांच्या बाबतीत हे अनेक वर्षं मोजून दाखवलं गेलं आहे. भारतीय उपखंडातल्या रुग्णांचे आकडे बहुतेक वेळा ‘एशियन’ या मोठ्या गाठोड्यात बांधलेले असतात, त्यामुळे आपलं नेमकं काय होतं ते सहज दिसत नाही. पण तफावत ज्या फटींतून शिरते त्या फटी दोघांच्याही वाटेवर आहेत, म्हणून काळ्या रुग्णांवरच्या संशोधनातून आपल्यालाही बरंच शिकता येतं.

त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग १९९९ चा. ७२० डॉक्टरांना नटांच्या चित्रफिती दाखवल्या. गाऊन तोच, संवाद तेच, छातीत दुखण्याची तक्रार तीच, फक्त माणूस वेगळा. मग विचारलं, याला अँजिओग्राफीसाठी पाठवाल का? काळ्यांना आणि स्त्रियांना पाठवण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. ते चूक होतं. शक्यतेचं गुणोत्तर (ऑड्स रेशो: प्रत्येक गटात पाठवलेल्यांना न पाठवलेल्यांनी भागायचं आणि मग दोन गटांची तुलना करायची) ०.६ आलं होतं आणि बातमीदारांनी ते सरळ टक्केवारी म्हणून वाचलं. खरे आकडे असे होते: गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया आणि काळे पुरुष या तिघांना ९०.६ टक्के वेळा पाठवलं गेलं, काळ्या स्त्रियांना ७८.८ टक्के वेळा. म्हणजे फरक होता, पण जवळजवळ सगळा एकाच गटाच्या वाट्याला आलेला. या विषयावरचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा. ‘इतके पट’ असं दिसलं की आधी विचारा, कशाच्या इतके पट?

दुसरी गोष्ट त्याहून कामाची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शेकडो अमेरिकन रुग्णालयांच्या नोंदींवरच्या अभ्यासात दिसलं की हार्ट अटॅकचे उपचार ठरलेल्या यादीप्रमाणे आणि मोजमाप ठेवून द्यायला लागल्यावर काळ्या-गोऱ्यांमधला फरक वर्षागणिक कमी होत गेला. थोडक्यात, जिथे घड्याळ आणि यादी आहे तिथे भेदभावाला जागा कमी. ‘बघू’, ‘वाटलं तर करू’, ‘उद्या ओपीडीत दाखवा’ असं म्हणायची मोकळीक आहे तिथे जास्त. खालचं सगळं मार्गदर्शन या एका धाग्यावर आहे: अशा मोकळ्या जागा कोणत्या, आणि तिथे घड्याळ किंवा यादी कशी आणायची.

आधीच तयार ठेवायचा कागद

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील किंवा स्वतःची साठी उलटली असेल, तर एक पानभर माहिती टाइप करून फ्रिजवर लावा आणि फोनमध्ये तिचा फोटो ठेवा. नाव, जन्मतारीख, आधीचे आजार, ऑपरेशनं, अ‍ॅलर्जी, घरच्यांचे फोन नंबर.

औषधांची यादी करताना भारतातल्या ब्रँडची नावं लिहून भागत नाही. इकोस्प्रिन, टेल्मा, ग्लायकोमेट ही नावं अमेरिकेतली नर्स ओळखणार नाही. अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम असं मूळ औषधाचं नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा ते लिहा. बाबांच्या खिशात सॉर्बिट्रेटची गोळी असेल तर तीही लिहा. ती आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट असते, अमेरिकेत जिभेखाली सहसा नायट्रोग्लिसरीन देतात, आणि दोन्ही रक्तदाब खाली आणतात. आयुर्वेदिक काढे, अर्जुनारिष्ट, मधुमेहाची चूर्णं हेही लपवू नका. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी कोणी घेत असेल तर ते सांगायला लाजू नका, कारण ती घेतल्यावर २४ तासांत नायट्रोग्लिसरीन दिलं तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. टॅडालाफिल असेल तर ४८ तास.

या कागदासोबत जुन्या ईसीजीचा फोटो हवाच. भारतातून निघताना काढलेला असला तरी चालेल. नवा ईसीजी जरा वेडावाकडा आला की डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो, हे आजचं की जुनंच? जुना कागद हातात असेल तर तो प्रश्न मिनिटात सुटतो. नसेल तर उत्तर अंदाजावर ठरतं.

घरापासून जवळच्या कोणत्या रुग्णालयात २४ तास अँजिओप्लास्टी होते तेही आत्ताच शोधून ठेवा. सगळ्यांकडे कॅथ लॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, नसते, आणि असलेल्या सगळ्या रात्री सुरू नसतात. तफावतीचा मोठा भाग इथेच जन्मतो. गरीब आणि काळ्या वस्त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा कमी साधनांची रुग्णालयं येतात, आणि मग आतल्या डॉक्टरच्या मनात काहीही नसलं तरी निकाल वेगळा लागतो. मेडिकेअरच्या (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) ‘केअर कंपेअर’ या संकेतस्थळावर रुग्णालयाचं नाव टाकलं की हार्ट अटॅकनंतरच्या ३० दिवसांतल्या मृत्यूंची तुलना दिसते.

९११ ला फोन की गाडी काढायची?

९११. बिलाच्या भीतीने गाडीतून नेणारी घरं पुष्कळ आहेत आणि भीती खोटी नाही, पण अ‍ॅम्ब्युलन्सचा उपयोग फक्त लवकर पोचण्यापुरता नसतो. त्यात ईसीजी निघतो, तो रुग्णालयाला पाठवता येतो आणि रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याचं दिसलं तर तुम्ही रस्त्यात असतानाच कॅथ लॅबची माणसं बोलावली जातात. गाडीतून गेलात तर वेटिंग रूमच्या रांगेत उभे राहता, आणि ती रांग कशी हलते हे ट्रिआज नर्सच्या, म्हणजे कोणाला आधी आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या नर्सच्या, नजरेवर असतं.

फोनवर आधी पत्ता, मग ‘चेस्ट पेन’, मग वय. इंग्रजी जमत नसेल तर ‘मराठी’ एवढं म्हणून थांबा, दुभाष्या जोडायचा प्रयत्न होतो. फोनवरच्या माणसाने अ‍ॅस्पिरिन घ्यायला सांगितलं तर ती चावून खायची. अमेरिकेत घरोघरी ८१ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात. लागणारी मात्रा १६२ ते ३२५, म्हणजे दोन ते चार गोळ्या. अ‍ॅलर्जी असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर द्यायची नाही, आणि हे त्याला आधी सांगायचं.

ट्रिआज: इथे शब्द जपून

काळ्या रुग्णाचं ‘दुखतंय’ कमी गांभीर्याने घेतलं जाणं ही अमेरिकेची जुनी दुखरी नस आहे. मराठी रुग्णाच्या बाबतीत त्यात भाषांतराची भर पडते. मराठीत छातीचं दुखणं सांगायचे जे शब्द आहेत त्यांतले निम्मे इंग्रजीत नेले की हृदयापासून लांब जातात. खोटं काही बोलायचं नाही, वाढवूनही सांगायचं नाही. शरीरात जे होतंय तेवढं नेमकं पोचवायचं.

‘घाबरल्यासारखं होतंय’ किंवा ‘जीव घाबरा होतोय’ हे सर्वांत घातक. मराठीत यात भीती असतेच असं नाही. धडधड, घाम, आतून खचल्यासारखं वाटणं, हे सगळं त्यात येतं. मुलगा घाईत भाषांतर करतो ‘शी इज फीलिंग अँक्शस’ आणि फाइलवर ‘अँग्झायटी’ बसते. एकदा बसली की पुढची प्रत्येक नर्स तोच शब्द वाचून आत येते. त्याऐवजी सुटं करून सांगा: घाम सुटलाय, छातीत धडधडतंय, चक्कर येईल असं वाटतंय, श्वास पुरत नाही.

‘पित्त झालंय’, ‘जळजळतंय’, ‘गॅस छातीत चढलाय’ हे निदान आहे, लक्षण नाही, आणि ते रुग्णाने घरीच करून टाकलेलं असतं. नर्सला निदान सांगू नका. कुठे, कधीपासून, चालल्यावर वाढतं का, हातात-जबड्यात-पाठीत जातं का, एवढंच सांगा. इमर्जन्सीत जळजळीवरचं पातळ औषध देऊन बघतात. त्याने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही. नायट्रोग्लिसरीनने बरं वाटलं म्हणजे हृदयच आहे असंही नाही.

‘कळ येते’ याचं भाषांतर ‘शार्प पेन’ असं करू नका. कळ ही आतून पिळवटणारी, दाटून येणारी असते. इंग्रजीत ‘शार्प’ म्हटलं की सुई टोचल्यासारखं डोळ्यांसमोर येतं आणि तशा दुखण्यात हृदयविकाराचा संशय कमी धरतात. छाती भरून आली, जड झाली, दाबल्यासारखं होतंय, आवळल्यासारखं होतंय, यांच्यासाठी ‘प्रेशर’, ‘हेविनेस’, ‘टाइटनेस’ हे शब्द आहेत. आणि ‘छाती भरून आली’चं शब्दशः भाषांतर करून ती भावुक झाली असं सांगू नका.

मग येतो शून्य ते दहाचा आकडा. आपल्याकडच्या साठीपुढच्या बाया इथे हमखास तीन सांगतात. बाळंतपणाच्या कळांना दहा धरलं की उरलेलं सगळं आयुष्य तीनच्या आत बसतं, त्याला काय करणार! आकड्यासोबत काय करता येत नाही ते सांगा: ‘काल दोन जिने चढत होती, आज बाथरूमपर्यंत जाताना दोनदा थांबली.’ हे वाक्य आकड्यापेक्षा जास्त काम करतं. मधुमेह असेल तर तोही पहिल्या मिनिटातच सांगा, कारण मधुमेह्याला हार्ट अटॅकमध्ये फारसं दुखत नाही असं होऊ शकतं. नुसता दम, घाम, उलटी किंवा गळून जाणं एवढंच दिसतं.

दुभाष्या मागायचा, मुलाला दुभाष्या करायचं नाही

सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णाला प्रशिक्षित दुभाष्या फुकट द्यायचा असतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आणि अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टचं १५५७ वं कलम यांत ते आहे. मेडिकेअरचा पैसा न घेणारी रुग्णालयं विरळा, त्यामुळे जवळजवळ सगळीच यात आली. तुमचा माणूस तुम्हीच आणा असं रुग्णालय म्हणू शकत नाही. जिवावरचा प्रसंग सोडला तर लहान मुलांकडून भाषांतर करून घेता येत नाही. २०२१ च्या छातीदुखीबद्दलच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्येही अशा रुग्णांसाठी औपचारिक दुभाषा सेवा वापरावी असं स्पष्ट म्हटलं आहे.

मराठीचा दुभाष्या बहुधा फोनवर किंवा चाकांच्या स्टँडवरच्या टॅब्लेटवर येतो. मागताना ‘इंडियन’ म्हणू नका, ‘हिंदी चालेल का’ला लगेच हो म्हणू नका. कोल्हापूरच्या आजींना हिंदी मालिका कळत असल्या तरी पोटातलं दुखणं हिंदीत सांगता येईलच असं नाही. मराठी मिळायला वीस मिनिटं लागणार असतील तर ईसीजी तोवर थांबवायचा नाही. ईसीजीला भाषा लागत नाही. दुभाष्या सुरुवातीला आपला आयडी क्रमांक सांगतो, तो टिपून ठेवा. काय बोलणं झालं यावर पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

नोंदणीच्या वेळी वंश विचारतात. ‘एशियन’वर टिक करून सोडून देऊ नका. ‘साऊथ एशियन’ किंवा ‘एशियन इंडियन’ असं लिहायला सांगा. उपखंडातला वंश हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक म्हणून अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक सूचनांमध्ये नोंदलेला आहे. नुसत्या ‘एशियन’मध्ये जपानी आणि चिनी रुग्णही येतात आणि सरासरीत आपला धोका बुडून जातो.

आत गेल्यावर: घड्याळ तुमच्या हातात

फोनवर नोट उघडा आणि वेळा लिहीत जा. दारात पोचलो ती वेळ. पहिला ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत निघून डॉक्टरने बघायला हवा. बारा मिनिटं झाली आणि अजून खुर्चीतच असाल तर काउंटरवर जाऊन शांतपणे म्हणा, ‘छातीत दुखतंय, दहा मिनिटं होऊन गेली, ईसीजी बाकी आहे.’ दहा मिनिटांचा उल्लेख मुद्दाम करायचा. तो आकडा त्यांच्याही भिंतीवर असतो. ईसीजीत वाहिनी पूर्ण बंद झाल्याचं दिसलं तर वाहिनी उघडेपर्यंत ९० मिनिटांचं लक्ष्य असतं, दुसऱ्या रुग्णालयात हलवावं लागलं तर १२० चं. इथे सहसा कोणी रेंगाळत नाही. सगळी यंत्रणा घड्याळावर चालते.

रेंगाळतं ते ईसीजी ठीक आल्यावर. पहिला ईसीजी नॉर्मल येऊनही हार्ट अटॅक असू शकतो. म्हणून रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात, आणि एकदा नाही. नव्या, जास्त संवेदनशील चाचणीत दुसरा नमुना १ ते ३ तासांनी घेतात, जुन्या चाचणीत ३ ते ६ तासांनी. विचारायचं एवढंच: ‘आकडा किती आला, दुसरा कधी, आणि दोन्हींत वाढ दिसतेय का?’ दुखणं पुन्हा सुरू झालं की त्याच क्षणी बेल वाजवून पुन्हा ईसीजी मागा. दुखत असतानाचा ईसीजी जास्त बोलतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक ईसीजीच्या नेहमीच्या बारा लीडमध्ये (बारा बाजूंनी घेतलेल्या नोंदींत) चुकू शकतो. संशय कायम असेल तर पाठीवर व्ही ७ ते व्ही ९ हे जादा लीड लावून बघता येतं, आणि ते विचारणं वावगं नाही.

बोटावरच्या ऑक्सिजन मीटरबद्दल एक सावधगिरी. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखवलं की मीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असल्याचं प्रमाण गोऱ्यांत ३.६ टक्के होतं, काळ्यांत ११.७. त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे प्रकाशाचं गणित चुकतं. सावळ्या माणसाला दम लागलाय, ओठ निळसर दिसताहेत आणि मीटर ९४ म्हणतोय, तर धमनीतल्या रक्ताची चाचणी मागा. त्याआधी बोट गरम आहे ना, नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नाही ना, तेवढं बघा.

कोणत्या वॉर्डात टाकताहेत?

हार्ट फेल्युअरच्या (हृदयाचं पंपिंग अपुरं पडत असलेल्या) रुग्णाच्या नातेवाइकांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि तोच कोणी विचारत नाही. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयाने स्वतःच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं: हार्ट फेल्युअर घेऊन आलेले काळे आणि लॅटिनो रुग्ण कार्डिओलॉजीच्या वॉर्डाऐवजी जनरल मेडिसिनच्या वॉर्डात जास्त जात होते. कार्डिओलॉजीत दाखल झालेल्यांना पुन्हा भरती व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. कोणी ठरवून केलं नव्हतं. इमर्जन्सीतला डॉक्टर आणि वॉर्डातला डॉक्टर यांच्यात फोनवर जे ठरतं त्यातून ते साठत गेलं. ज्यांचा तिथे आधीपासून स्वतःचा कार्डिओलॉजिस्ट होता त्यांना कार्डिओलॉजीत जागा मिळणं सोपं होतं.

म्हणून बाबांचं ठीक चाललंय तेव्हाच, २४ तास अँजिओप्लास्टी होणाऱ्या त्या रुग्णालयातल्या एखाद्या कार्डिओलॉजिस्टची एक अपॉइंटमेंट घेऊन ठेवा. भरतीच्या रात्री मग ‘यांचे डॉक्टर इथलेच आहेत, त्यांना कळवलंत का?’ हे वाक्य हाती असतं. डॉक्टर नसतील तर विचारा: ‘कार्डिओलॉजीत दाखल करताय की जनरलमध्ये, कारण काय, आणि जनरलमध्ये असेल तर कार्डिओलॉजीचा कन्सल्ट आज होईल की उद्या?’

गणिती सूत्रांतही वंश शिरलेला असतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला किती धोका आहे हे मोजणाऱ्या एका प्रचलित स्कोअरमध्ये काळा नसलेल्या प्रत्येकाला ३ गुण जास्त मिळत. जास्त गुण म्हणजे जास्त धोका. म्हणजे तोच रक्तदाब, तेच वय, तीच किडनी, आणि काळा रुग्ण कागदावर कमी आजारी. २०२० मध्ये यावर जाहीर टीका झाली. किडनीच्या सूत्रातली वंशाची दुरुस्ती २०२१ मध्ये काढली गेली, आणि हृदयविकाराचा दहा वर्षांचा धोका मोजणाऱ्या २०२३ च्या नव्या सूत्रात वंश घेतलाच नाही. तुमच्या डॉक्टरच्या संगणकात कोणतं सूत्र आहे ते विचारायला हरकत नाही.

‘अँजिओग्राफीची गरज नाही’ असं म्हणाले तर

नाही म्हणणं बरोबर असू शकतं. दर छातीदुखीला अँजिओग्राफी लागत नाही, आणि उगाच केलेल्या अँजिओग्राफीतही धोके असतात. त्यामुळे ‘करा’ असा हट्ट नको, कारण मागा. तीन प्रश्न पुरेत: न करण्याचं कारण काय? काय दिसलं तर करायचं ठरवाल? त्याऐवजी कोणती तपासणी, कधी? उत्तर पटलं नाही तर म्हणा, ‘आम्ही विचारलं होतं आणि तुम्ही या कारणाने नाही म्हणालात, एवढं फाइलमध्ये लिहाल का?’ वाद न घालता पुन्हा विचार करायला लावणारं यापेक्षा चांगलं वाक्य नाही. जे तोंडी हवेत होतं ते कागदावर येतं, आणि कागदावर लिहिताना माणूस जरा जास्त विचार करतो.

आवाज चढवू नका. हा सभ्यतेचा धडा नाही. शिकागोतल्या २०२२ च्या एका अभ्यासात काळ्या रुग्णांच्या फाइलमध्ये ‘अ‍ॅग्रेसिव्ह’, ‘नॉन-कम्प्लायंट’ अशा धर्तीचे नकारात्मक शब्द असण्याचं शक्यता-गुणोत्तर गोऱ्यांच्या तुलनेत २.५४ निघालं. तोच प्रश्न तोच माणूस विचारतो, शिक्का मात्र वेगळा बसतो. हे अन्यायाचं आहेच, पण रात्री दोन वाजता इमर्जन्सीत ते निस्तरत बसायला वेळ नसतो. घरातल्या एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी वेळा लिहायच्या. पुण्यातल्या डॉक्टर मामांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर आधीच्या आजारांची माहिती द्यायला घ्या. तिथल्या डॉक्टरची परीक्षा घ्यायला नको.

घरी सोडताना

हार्ट अटॅकनंतर डिस्चार्ज कागदावर काय हवं याची यादी बरीचशी ठरलेली आहे, म्हणून ताडून बघणं सोपं. अ‍ॅस्पिरिन ८१. सोबत गुठळी होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक, साधारण १२ महिने. जोरदार मात्रेत स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध. परिस्थितीप्रमाणे बीटा ब्लॉकर, आणि हृदयाचं पंपिंग ४० टक्क्यांवर किंवा खाली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी (तिन्ही हृदयावरचा ताण कमी करणारे औषधांचे गट). जिभेखालची नायट्रोग्लिसरीन. यांतलं काही नसेल तर ‘का नाही?’ असं विचारा. कधी कधी कारण असतं, कधी नुसतं राहून गेलेलं असतं.

इथे दोन जागी वंशाचा विचार खरोखर औषधाच्या बाजूने करायचा असतो. रोसुवास्टॅटिन हे स्टॅटिन आशियाई वंशाच्या लोकांच्या, भारतीयांसह, रक्तात सुमारे दुप्पट साठतं, म्हणून त्याच्या अमेरिकन पत्रकात अशा रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करा असं लिहिलेलं आहे. २० किंवा ४० लिहून दिलं असेल तर ही गोष्ट लक्षात आहे ना, एवढं विचारा. आणि क्लोपिडोग्रेल शरीरात कामाला लावणारं एन्झाइम मंद असणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत. स्टेंट टाकूनही त्रास परतला तर ‘दुसरं औषध बघायचं का?’ हा प्रश्न रास्त आहे. स्वतःहून गोळी मात्र एक दिवसही बंद करायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

शेवटची आणि हमखास सुटणारी ओळ म्हणजे कार्डिअ‍ॅक रिहॅब. देखरेखीखालचा व्यायाम, आहार, औषधांचं शिक्षण. मेडिकेअर साधारण ३६ सत्रांचे पैसे देतं. याची शिफारस डॉक्टरने करावी लागते, आणि मोठ्या नोंदींच्या अभ्यासात ही शिफारस गोऱ्यांपेक्षा काळ्या, लॅटिनो आणि आशियाई रुग्णांना कमी मिळताना दिसली, आशियाईंना सर्वांत कमी. ‘यांना इंग्रजी येत नाही, येणार नाहीत’ असं कोणी मनात धरलं की विषय संपतो. डिस्चार्जच्या दिवशी रेफरल कागदावर आहे का बघा. नसेल तर सही करण्याआधी मागा.

घरी जाण्याआधी दुभाष्याला पुन्हा बोलवायला सांगा आणि रुग्णाला स्वतःच्या तोंडाने गोळ्या सांगायला लावा: कोणती, कधी, कशासाठी. मान हलवणं म्हणजे कळणं नव्हे.

पैसे नाहीत, विमा तोकडा आहे

१९८६ च्या एमटाला कायद्यानुसार इमर्जन्सी असलेल्या रुग्णालयाने पैसे, विमा, नागरिकत्व न बघता तपासणी करून रुग्ण स्थिर करायचा असतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईलाही हे लागू. बिल नंतर येतंच. रुग्णालय ना-नफा असेल तर त्याला आर्थिक मदतीचं धोरण ठेवावं लागतं आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. बिल पाहून घाबरून क्रेडिट कार्डवर भरू नका, आधी तो अर्ज मागा.

तक्रार

भरती असतानाच काही खटकलं तर आधी चार्ज नर्स (त्या पाळीची प्रमुख नर्स), मग ‘पेशंट अ‍ॅडव्होकेट’ किंवा ‘पेशंट रिलेशन्स’. रात्रीही कोणीतरी असतं, ऑपरेटरला विचारा. ‘भेदभाव झाला’ या शब्दाने सुरुवात केली की समोरचा बचावात जातो. ‘११.२० ला आलो, ११.५२ ला ईसीजी झाला, दुभाष्या तीनदा मागितला, मिळाला नाही’ याने सुरुवात करा.

घरी आल्यावर पेशंट पोर्टल उघडा. २०२१ पासून डॉक्टरांच्या नोंदी बहुतेक लगेच वाचता येतात. पूर्ण फाइल मागितली तर ३० दिवसांत द्यायची असते. नोंदींत ‘अँक्शस’, ‘पुअर हिस्टोरियन’, ‘रिफ्यूज्ड’ हे शब्द शोधा. दुभाष्या न देता ‘रुग्णाला नीट सांगता येत नाही’ असं लिहिलेलं आढळलं तर दुरुस्तीचा लेखी अर्ज करा, रुग्णालयाला ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते नाही म्हणाले तरी तुमचं म्हणणं फाइलला जोडून ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि पुढच्या इमर्जन्सीतल्या डॉक्टरसमोर तीच फाइल उघडणार आहे.

वंश किंवा भाषेमुळे उपचार कमी पडले असं वाटत असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याच्या ‘ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स’कडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते, ऑनलाइन, फुकट, वकिलाशिवाय. या कायद्याला दात आहेत ते पैशामुळे. १९६६ मध्ये मेडिकेअर सुरू होताना काळ्यांसाठी वेगळे वॉर्ड ठेवणाऱ्या रुग्णालयांना पैसे मिळणार नाहीत असं ठरलं, तेव्हा दक्षिणेतल्या शेकडो रुग्णालयांतली पाटी काही महिन्यांत उतरली. तुमच्या तक्रारीला जोडायचं ते एवढंच: वेळांची नोंद, दुभाष्याचे आयडी क्रमांक, डिस्चार्ज कागद, आणि फाइलमधलं ते पान.